वासू बसायला यायची तेव्हा

परवा सावर्ड्याच्या बाजारातून परतताना रिक्षा घाटीच्या वळणावर आली आणि सातविणीचा तो जड, गोडसर, डोकं भणभणवणारा वास आत शिरला. खाली उतारावर भात पिवळं झालं होतं. वरच्या लहान लहान कुणग्यांत, भातखाचरांत, कापणी सुरूही झाली होती. वाकलेल्या पाठी, मध्येच कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या राहणाऱ्या बाया, कापून आडव्या टाकलेल्या भाताच्या ओळी. वर निळं, कोरडं, तापलेलं आभाळ. आणि माझा हात आपोआप ओढणीच्या टोकाकडे गेला. तिथे आता काही बांधलेलं नसतं. त्या वर्षी किल्ली बांधलेली असायची.

त्या वर्षी याच दिवसांत मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, घराला आतून कुलूप लावून राहत होतो.

अण्णांचं सगळं आयुष्य मुंबईला गोदीत गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावी हे घर बांधलं. जांभ्याचा चिरा न् चिरा स्वतः उभं राहून लावून घेतला. आई गेली आणि त्यानंतर हळूहळू त्यांच्या डोक्यातली माणसं जायला लागली. आधी नावं गेली, मग सकाळ-संध्याकाळ गेली, आणि शेवटी हे घरच गेलं. स्वतः बांधलेल्या घरात, स्वतः घडवून घेतलेल्या बाकावर बसून ते मला विचारायचे, “आपण घरी कधी जायचं?”

मी म्हणायचे, “हेच घर आहे अण्णा.”

ते मान हलवायचे. एखाद्या कचेरीतल्या माणसाने नीट उत्तर दिलं नाही की आपण जसे गप्प बसतो, पण जागचे हलत नाही, तसे बसून राहायचे. थोड्या वेळाने उठून दाराशी जायचे. पावसाळ्यात एकदा ते असेच निघून थेट हायवेवर पोचले होते. भर पावसात रस्त्याच्या मधोमध चालत होते. एका ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि हाताला धरून त्यांना चहाच्या टपरीवर बसवलं, म्हणून ते मला परत मिळाले. त्या दिवशी संध्याकाळी मी कुलूप आणलं.

माझं लग्न झालेलं नाही. भावाचं डोंबिवलीला दोन खोल्यांचं घर, मुलांच्या परीक्षा. मी मुंबईतली नोकरी सोडून आले. कुणी ये म्हटलं नव्हतं, कुणी नको असंही म्हटलं नाही. आपण आपल्या पायांनी चालत येऊन बसलो की चिडायलाही समोर कुणी नसतं. भाऊ रोज संध्याकाळी फोन करायचा. “अण्णा कसे आहेत?” “बरे आहेत.” “जेवले?” “जेवले.” एवढं झालं की फोन संपायचा.

कापणीच्या दिवसांत वाडी रिकामी असते. सकाळी विळे, पाण्याच्या कळशा, भाकरीची फडकी घेऊन माणसं उतरली की मागे राहतात ती कुत्री, कोंबड्या आणि आमच्यासारखी अडकलेली माणसं. मला खालून सगळं ऐकू यायचं. कुणाचं तरी हसणं, विळ्यांची खसखस, दुपारी एखाद्या खळ्यात सुरू झालेली झोडणी. दगडावर भाताच्या पेंढ्या आपटल्याचा तो धप्, धप् आवाज भिंतीतून आत यायचा. मी खिडकीचे गज धरून उभी राहायचे. गजांना गंज होता. हाताला त्याचा वास राहायचा. घरात कुठल्या फरशीला चीर आहे, दुपारी कवडसा कुठून कुठे सरकतो, कुठल्या वाशावर कोळी बसतो, सगळं पाठ झालं होतं. आत अण्णा कडी खडखडवायचे. मी ‘हेच घर’ म्हणायचे. ते परत बसायचे. मग पुन्हा कडी. कधी कधी वाटायचं, हे दार आतून नाहीतर बाहेरून, कुणीतरी एकदा जोरात ढकलावं आणि ते पडावं.

अशाच एका दुपारी बाहेरून हाक आली, “नलू, पाणी दे गो.”

ती वासू होती. वासंती. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग मी मुंबईला गेले आणि ती लग्न करून याच वाडीत वरच्या घरात आली. नवरा मुंबईत कामाला. गणपतीला आणि शिमग्याला येणारा. मुलगाही तिकडेच शिकायला. शेत तिच्या एकटीच्या अंगावर. मी गावी आल्यापासून आम्ही पाखाडीच्या पायऱ्यांवर येता-जाता हसायचो, तेवढंच. तिला पाणी द्यायचं तर मला ओढणीची गाठ सोडावी लागली, कुलूप काढावं लागलं, वरची कडी, खालची कडी. ती बाहेर उभी राहून ते सगळे आवाज ऐकत होती.

दार उघडलं तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत भाताची कुसळं अडकली होती. गटागटा पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली.

“किती दिस झाले गो तुला भायेर पडून?”

मी खरंच आठवायला लागले.

“जा,” ती म्हणाली. “मी बसतंय.”

“कुठं जाऊ?”

“ता माका काय ठावक? जा खंयतरी.” असं म्हणून ती खळखळून हसली, शाळेत असताना मालवणच्या बाईंची नक्कल करायची तसं. मग स्वतःच्या बोलण्यात म्हणाली, “जा बाय. मी हाय हितं.”

मी पायरीवर उभी राहिले. चपला घातल्या. पाखाडी उतरून वहाळापर्यंत गेले. तिथे ओढा ओलांडायला एक छोटा साकव आहे, त्यावर उभी राहिले. खाली पाणी ओसरत चाललेलं, गोट्यांमधून वाट काढणारं. एक खंड्या फांदीवर बसला होता. मी काही विचार केला असं नाही. रडलेही नाही. फक्त माझे दोन्ही हात रिकामे आहेत हे लक्षात आलं आणि ते कुठे ठेवावेत कळेना.

दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळेला आली. तिसऱ्या दिवशीही.

शेतातली माणसं भाकरी खायला सावलीत बसली की वासू आमच्याकडे यायची. भाकरी वाटेवरच चालता चालता खायची. हात-पाय धुवायची आणि अण्णांच्या शेजारी बसायची. मला ‘कशी आहेस’ असं तिने कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे केवढं काम, हे तिला कसं कळलं होतं कोण जाणे. ती फक्त म्हणायची, “नीघ.”

एकदा मी पाखाडीवरून परत फिरले, रुमाल विसरला होता म्हणून. आत अण्णांचा आवाज येत होता.

“मला घरी जायचंय.”

“घरी कोण कोण हाय तुमच्या?” वासूने विचारलं.

आणि अण्णा सांगायला लागले. आई आहे. पाठची बहीण आहे. एक कपिला आहे, ती दुसऱ्या कुणाला दूध काढू देत नाही. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. कडीही वाजत नव्हती. वासू ओंजळभर पेंढा घेऊन आली होती. तो त्यांच्या मांडीवर टाकून ती म्हणाली, “तेवढे बंद वळून द्या अण्णा, भारे बांधायला कमी पडतायत.” अण्णांचे हात पेंढ्याला पीळ द्यायला लागले. ज्या हातांना शर्टाचं बटण सापडत नव्हतं, ते हात. मी रुमाल न घेताच परत गेले.

एखाद्या दिवशी कुणाच्या उपयोगी पडणं अवघड नसतं. मनात येतं, आपण करतो, आपल्यालाही बरं वाटतं. रोज त्याच वेळेला, अंग मोडून आलेलं असताना, मनात काही येवो न येवो, पाय त्या दाराकडे वळवणं हे निराळं. त्याला दया म्हणायला जीभ वळत नाही. वासू ज्या सहजपणाने विळा धुऊन जागेवर ठेवायची, त्याच सहजपणाने यायची. सवय होती ती. पण ती सवय कशातून काढलेली होती, ते मला एका दुपारी कळलं. साकवावरून मी शेताकडे गेले तेव्हा आंब्याच्या सावलीत बाया पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. दिवसभरात तेवढीच त्यांची पाठ जमिनीला टेकायची. वासूची जागा तिथे रिकामी होती.

मी त्या दिवशी तिला म्हटलं, “उद्या नको येऊस. झोप जरा.”

“मेल्यावर झोपायचंच हाय गो,” ती म्हणाली आणि पाखाडी उतरून गेलीसुद्धा.

कापणी संपत आली होती. वासूचं सगळ्यात खालचं, सगळ्यात मोठं शेत कापून झालं होतं. भात सुकायला ओळींत पसरलेलं होतं. संध्याकाळी भारे बांधून खळ्यावर न्यायचे असं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. घामाच्या धारा लागलेल्या. आत बसवेना म्हणून वासूने दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यात पाय आडवे टाकून बसली. “जा तू. मी वाट अडवून बसलंय.”

मी वरच्या वाटेने परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. डोकं चौकटीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मांडीवरचा हात उलटा पडलेला. तळव्यावर विळ्याचे चिरे. ती गाढ झोपली होती. तिच्या पायांपलीकडे बाक रिकामा होता. अण्णा तिचे पाय ओलांडून गेले होते.

तिच्यावर राग म्हणून आला नाही. तो चेहरा बघून तो येऊच शकत नव्हता. मी तिच्या खांद्याला हात लावला.

“वासू. अण्णा गेले.”

ती उठली ती थेट अंगणात. एकदाच मागे वळून रिकाम्या बाकाकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. “झोपलंय मी? नलू, मी झोपलंय?”

“ते नंतर. आधी कुठं बघायचं सांग.”

“हायवेला तू जा. मी वहाळाकडं—” मग थांबली. “नको. आता अण्णांना चढाव चढवत नाय. उतारालाच गेलं असणार. चल, दोघी जाऊ.”

आम्ही धावत सुटलो. माझी एक चप्पल पाखाडीवरच राहिली. कापलेल्या शेतातून पळताना भाताची खुंटं पायाला टोचत होती. आणि तेव्हा आभाळ काळवंडायला लागलं. परतीचा पाऊस असाच येतो. डोंगरामागून, कुणाला न विचारता. शेताशेतांतून आरडाओरडा सुरू झाला. माणसं पसरलेलं भात गोळा करायला धावली. कुणी प्लास्टिक ओढत होतं, कुणी भारे डोक्यावर घेऊन पळत होतं.

आम्ही वासूच्या शेताच्या कडेने जात होतो. पार पलीकडच्या बांधापर्यंत तिचं वर्षाचं भात उघडं पडलेलं. पलीकडच्या बांधावरून एक बाई ओरडली, “वासू, अगो भात! पाऊस आला, भात उचल आधी!”

वासूने तिकडे मान वळवली. मी ते बघितलं. मी म्हटलं, “तू थांब इथं. मी बघते अण्णांना.”

तिने माझं मनगट धरलं आणि ओढत पुढे नेलं.

अण्णा वहाळाच्या काठावर होते. साकवाच्या खालच्या अंगाला, चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतलेले. निघता येत नव्हतं म्हणून एका करंजाच्या फांदीला धरून उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, “पलीकडं जायचं होतं. पाय निघत नाहीत.” त्यांच्या आवाजात भीती नव्हती, फक्त दमणूक होती. वासू चिखलात उतरली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचा एकेक पाय धरून बाहेर काढला. मी वरून त्यांना मिठी मारून धरलं होतं. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. बघता बघता समोरचा डोंगर दिसेनासा झाला. वासू चिखलात बसलेलीच होती. तिने शेताकडे पाहिलं नाही. अण्णांचे पाय वहाळाच्या पाण्याने धुतले, बोटांच्या मधला चिखल काढला आणि मग म्हणाली, “चला अण्णा. घरी.”

ते निमूट चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. दुपार झाली. मी अण्णांना जेवायला घातलं, भांडी घासली, ओढणीची गाठ चाचपली. वासू आली नाही. झोडणीचे आवाजही नव्हते. सगळ्यांचंच थोडंफार भिजलं होतं. अण्णा कडीपाशी जाऊन उभे राहिले. मी ‘हेच घर’ म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणवेना. ती का आली नाही, हे मला कळत होतं. भातासाठी नाही. ती आपल्या झोपेपायी तोंड लपवून बसली असणार. आणि मी कुलूप लावून आत बसले असते तर ती परत कधीच आली नसती.

मी गाठ सोडली. कुलूप काढलं, वरची कडी, खालची कडी. अण्णांच्या पायात चपला घातल्या.

“कुठं जायचं?” त्यांनी विचारलं.

“वासूकडं. शेतात.”

पाखाडी उतरायला आम्हाला फार वेळ लागला. दर पायरीवर ते थांबायचे, माझा हात घट्ट धरायचे. किती महिन्यांनी आम्ही दोघं एकत्र उन्हात आलो होतो! मी त्यांना आत ठेवून बाहेर पडायचे, किंवा त्यांच्याबरोबर आत राहायचे. दोघांनी मिळून बाहेर जायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

वासू एकटी शेतात वाकून भिजलेलं भात उलटंपालटं करत होती. चिखलाने लोंब्या काळ्या झालेल्या. आम्हाला बघून ती सरळ झाली आणि पदराने तोंड झाकलं.

“मी झोपलंय गो, नलू. म्हातारा वाहून गेला असता तर?”

“गेला नाही ना.”

“तू ओरडली का नायस माझ्यावर? काल रात्रभर त्यापायी मला झोप नाय. नुसती ओरडली असतीस एकदा.”

“उद्यापासून तू यायचं नाहीस,” मी म्हटलं. तिने पदर खाली केला. “आम्ही दोघं येणार. तू काम करायचं, अण्णा बंद वळतील, मी भात उलटीन. आणि जेवण झालं की तू सगळ्यांबरोबर आंब्याखाली आडवी व्हायचंस.”

ती काही बोलायच्या आत अण्णा खाली वाकले होते. त्यांनी एक ओली पेंढी उचलली, झटकली आणि उन्हाकडे लोंब्या करून बांधावर उभी केली. मग दुसरी. तेव्हा वासू रडायला लागली. रडता रडता कामही करत होती.

पुढचे सगळे दिवस आम्ही तिच्या शेतावर आणि मग खळ्यावर होतो. अण्णा तिथूनही दोन-तीनदा उठून चालायला लागले. पण तिथे चहूकडे माणसं होती. कुणी न् कुणी हाक मारायचं, “अण्णा, बंद संपले हो,” आणि ते परत यायचे. असं वाटू नये की सगळं ठीक झालं. संध्याकाळी घरी आलो की कुलूप लावावंच लागे. दिवे लागले की ते पुन्हा घरी जायचं म्हणत आणि मी पुन्हा गजांना धरून उभी राहायचे. फक्त उद्या दार उघडणार आहे, एवढं माहीत असायचं.

वासूच्या बऱ्याचशा भाताला कोंब फुटले. जे वाचलं त्याच्या तांदळाला पिवळट रंग आणि कुबट वास आला. मी हट्टाने त्यातला आमच्याकडे आणला. वर्षभर आमच्या दोन घरांत तोच भात शिजत होता. कढी घातली तरी वास जायचा नाही. अण्णा मात्र तो आवडीने खायचे. पुढच्या चैत्रात, एका सकाळी, पेज पिऊन झाल्यावर ते गेले. बाकावर बसल्या बसल्याच. दार उघडं होतं.

नंतर भावाने मला मुंबईला बोलावलं. मी गेले नाही. मोकळी झालीस, असं लोक म्हणाले. मोकळं होणं इतकं सरळ नसतं. कितीतरी महिने मी बाजारात गेले की अर्ध्या वाटेवरून धावत परत यायचे, घरी कुणी नाही हे ठाऊक असूनही.

परवा रिक्षातून उतरले ती घरी न जाता वासूच्या शेताकडे वळले. ती बांधावर पाय पसरून बसली होती. गुडघे हल्ली तिला वाकू देत नाहीत. शेजारी बसले, तेव्हा म्हणाली, “औंदाचीच कापणी. पुढच्या महिन्यात पोरगा मुंबईला न्यायला येतोय. सुनेची रजा संपते. बाळाला बघायला कोण नाय.”

“कायमची?”

“बाळ मोठं होईस्तो. म्हणजे कायमचीच की.” ती गवताची काडी तोडत राहिली. “सातवा मजला हाय. सून, पोरगा नि त्याचा बाप सकाळी जाणार ते रात्रीच येणार. मी नि बाळ. खिडकीला जाळी बसवलीय म्हणतो.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “जाळीतून हात तरी भायेर निघतो काय गो?”

मला तिचा हात दिसत होता. उलटा, मांडीवर पडलेला.

“मी येईन,” मी म्हटलं. “महिन्यातले थोडे दिवस. डोंबिवलीला भावाकडं उतरेन. दुपारची तुझ्याकडं येत जाईन. बाळाजवळ मी बसेन, तू खाली जात जा.”

“खाली जाऊन काय करू? माझ्या ओळखीचं कोण हाय तिथं?”

“काही करू नकोस. नुसती चाल.”

तिने समोरच्या पिवळ्या शेताकडे बघितलं. खाली कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“नि वाट चुकलंय तर?”

“तर बाळाला कडेवर घेऊन शोधायला येईन.”

तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठली, आणि विळा घेऊन शेतात उतरली.